दुर्गाबाई बसल्याची बातमी

नूतन गजभियेची एक खोड होती. काही बिघडलं, की ते कोणी बिघडवलं यापेक्षा ते बिघडलं कसं, हेच तिला कळून घ्यायचं असे. वडील मध्य प्रदेशात तिरोडीच्या मँगनीज खाणीत फिटर होते. ते घरी एखादा पंप खोलून बसले, की ही समोर उकिडवी बसून 'काहून, काहून' विचारत राही. लग्नानंतर ती बालाघाटला आली आणि बरीच वर्षं तिनं एका संस्थेत हिंदी टायपिंग शिकवलं. पुढे वर्ग ओस पडले. तेव्हा दुर्गाबाई राहांगडालेंनी तिला आपल्या प्रचार कार्यालयात बोलावून घेतलं.

दुर्गाबाई परसवाड्याकडच्या शेतकरी घरातल्या, एकेकाळच्या सरपंच. एका लहानशा पक्षाकडून त्या पहिल्यांदाच विधानसभेला उभ्या होत्या. पुढारीपणाचा तोरा नाही, पण फोटोत आपण नीट दिसायला हवं, एवढी हौस मात्र होती. पक्षाचा ईमेल आणि फेसबुकचं पान नूतन सांभाळायची.

मतदान आठवड्यावर आलं होतं. परसवाड्याला भोंगा लावलेली प्रचाराची गाडी परवानगीवाचून उभी होती. तिथलं काम पाहणारे शालिकरामभाऊ सकाळपासून दर थोड्या वेळानं फोन करत होते. अशात नूतनच्या समोर एक मेल येऊन पडला. विषय होता, 'प्रचार वाहन अनुमति'. तिनं झटकन उघडला, आतल्या निळ्या अक्षरांवर बोट दाबलं. मेलचंच नेहमीचं पान पुन्हा समोर आलं, पासवर्ड मागू लागलं. तिनं तो टाकला. पुढे नुसतं कोरं पान. नेट मंद असेल म्हणून तिनं सोडून दिलं आणि पत्रकं मोजायला घेतली.

दुपारी पुन्हा शालिकरामभाऊंचा फोन आला. या वेळी आवाज पडलेला होता.

"ताई, काकी बसल्या म्हणून राह्यले सारे. खरं हाये का?"

उमेदवार बसला म्हणजे त्यानं माघार घेतली. नूतननं पान उघडून पाहिलं. दुर्गाबाईंच्या हात जोडलेल्या फोटोखाली लिहिलं होतं, की तब्येतीमुळे मी ही लढत सोडत आहे, माझ्या माणसांनी आपापल्या मनानं मत द्यावं. शेकडो लोकांनी ते पुढे पाठवलेलं. पुसायला गेली तर पासवर्ड चालेना. मेलचाही चालेना. मग सकाळचं ते कोरं पान तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि सगळं उमगलं: तो मेल खोटा होता, पासवर्ड तिनं स्वतःच कोणाच्या तरी हाती दिला होता.

तिनं जाऊन दुर्गाबाईंना सरळ सांगितलं, की हे माझ्या हातून झालं. त्या रागावल्या नाहीत. पायात चपला सरकवून म्हणाल्या, "चाल, गाडी काढ. आज परसवाड्याचा बाजार हाये. लोकाईले मी दिसली पाह्यजे."

भोंगा लावायची सोय नव्हतीच. दुर्गाबाई बाजारात पायी फिरल्या. भाजीवाल्यांच्या ओळीत, चपलांच्या दुकानांपुढे, पिठाच्या चक्कीशी त्या थांबत आणि म्हणत, "पाहा बाप्पा, मी बसली का उभी हावो?" लोक हसत. कोणी खुर्ची पुढे करी, चहाच्या टपरीवर कोणी बाकडं पुसून देई. त्यांनी कुठेही टेकलं नाही. चहासुद्धा उभ्यानंच घेतला. गुडघे दुखत होते, हे नूतनला त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. संध्याकाळपर्यंत बाजारात एकच विषय होता. बाई खरंच उभी आहे, हे पाहायला पलीकडच्या गल्लीतली माणसंही येऊन गेली.

पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार झाली. पान आणि मेल परत मिळाले, तोवर मतदान होऊन गेलं होतं. मेल कुठल्या तरी परदेशातल्या भाड्याच्या संगणकावरून आला, एवढंच कळलं. पाठवणारा कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुर्गाबाई थोडक्यात हरल्या. त्या बातमीमुळे हरल्या, की तशाही हरल्या असत्या, हे सांगणार कोण?

नूतनच्या डोक्यात मात्र वेगळाच भुंगा होता. आपण गाडीच्या परवानगीचीच वाट पाहतोय, हे त्या परक्या माणसाला समजलं कसं?

ती परसवाड्याला शालिकरामभाऊंच्या घरी गेली आणि त्यांचा फोन मागून घेतला. त्या आठवड्यात त्यांनी फेसबुकवर काय काय टाकलं, ते दोघं खालून वर पाहू लागले. एका जागी गाडीचा फोटो होता. बॉनेटवर हात ठेवून शालिकरामभाऊ, आणि दुसऱ्या हातात परवानगीचा अर्ज. अर्जावर पक्षाचा ईमेल स्वच्छ वाचता येत होता.

"पण ताई," ते ओशाळून म्हणाले, "मी तं काम होऊन राह्यलं म्हणून दाखवत होतो."

"हौ भाऊ. मीही काम होऊन राह्यलं म्हणूनच दाबलं."

मग पासवर्ड. दुर्गाबाईंचं नाव आणि निवडणुकीचं वर्ष, मेलला तोच आणि पानालाही तोच. सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून नूतननंच ठेवलेला. तो खोटा मेल ज्या पत्त्यावरून आला, तो तिनं आता अक्षर अक्षर लावून वाचला, तर एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं. टायपिंगच्या पोरींची एक मात्रा चुकली तरी तिला लांबून दिसायची. त्या सकाळी दिसली नव्हती, कारण ती वाचत नव्हती, वाट पाहत होती. कुलूप कोणी तोडलंच नव्हतं. प्रत्येकानं दार थोडं थोडं उघडं ठेवलं होतं, तेही चांगल्या मनानं.

हे कळल्यावर तिला रडू येण्याऐवजी हुरूप आला. मग बाकीचे कशाला भुलतात? तिनं दुर्गाबाईंना विचारलं, की आपल्याच लोकांना एक खोटा मेल पाठवून पाहू का, कोणाचं काही जाणार नाही. त्यांनी परवानगी दिली आणि विसरून गेल्या. पुढे नगरपालिकेच्या निवडणुकीची हवा सुरू झाल्यावर नूतननं अनोळखी पत्त्यावरून सगळ्यांना मेल धाडला, 'मेळाव्याचे निवडक फोटो'.

पहिला फोन दुर्गाबाईंचा आला.

"नूतन, मी फोटो पाह्याले दाबलं, पण उघडूनच नाही राह्यला वो."

नूतननं हसू दाबलं. "काकी, दाबताना मनात काय आलं होतं?"

दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "यंदा तरी माहा फोटो बरा आला असंन, असं वाटलं."

नूतननं त्यांना मेल कोणाचा ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की फोन खाली ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कार्यकर्त्यांना बोलावलं आणि गळाला लागलेला पहिला मासा आपणच, हे स्वतःच सांगायला घेतलं.