शेजारच्या पडद्यावरच्या चुका

उभ्या नगर जिल्ह्यात चांगलं एका दिशेला आणि वाईट दुसऱ्या दिशेला बोलणारा माणूस मी एकच पाहिला: राहुरीजवळच्या साखर कारखान्यातले आमचे कॉम्प्युटरचे सर. खानावळीत भाकरीची तारीफ ते मावशींच्या तोंडावर करत. आमटीतल्या मिठाची तक्रार मात्र बाहेर येऊन लिंबाच्या झाडाला सांगत. एकदा मावशींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "मीठ लई झालं तर मला सांगा की. त्या लिंबाला सांगून काय व्हनार?" सर गोरेमोरे झाले आणि परत आत जाऊन त्याच आमटीची आणखी एक वाटी प्यायले.

ही सवय त्यांना कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या युनिक्स या प्रणालीनं लावली, की या सवयीमुळे युनिक्स त्यांना आवडलं, कोण जाणे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सोनईहून सरांच्या हाताखाली नोकरीला आलो तेव्हा कॉम्प्युटर फक्त चित्रात पाहिलेला. सरांनीच शिकवलं, की प्रोग्रामचं बोलणं दोन वाटांनी बाहेर पडतं, एक उत्तरांची आणि एक चुकांची. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या आज्ञांमध्ये, लिहू तिकडे ती वाट वळते. त्यांच्या स्क्रिप्टमधून उसाच्या वजनाची उत्तरं त्यांच्या खोलीतल्या प्रिंटरवर जात. चुका मात्र शेजारच्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटत. एखाद्या बैलगाडीचा नंबर चुकला की मी उठून त्यांच्याकडे जायचो. "काय म्हणतंय, सोनईकर?" ते विचारायचे. मी चूक सांगायचो, ते दुरुस्त करायचे, आणि मग शेंगदाणे पुढे सरकवून माझ्या घरचं विचारायचे. त्यांचं स्वतःचं घर म्हणजे कॉलनीतली एक खोली. तिथे भेटायला आलेलं कुणी मी कधी पाहिलं नाही.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी सुचवलं, की सर, आता चुका तुमच्याच पडद्यावर वळवून घ्या. एक ओळ तर बदलायची. सरांनी शेंगदाणे माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "माझ्याच पडद्यावर आल्या, तर इकडे येणार कोण?"

दिवाळीला गावी आलो तेव्हा कारखान्यात गेलो. माझ्या जागी कुणाला नेमलंच नव्हतं. पडदा मात्र चालू होता आणि त्यावर चुका उमटत होत्या. त्या वाचायला सर आता स्वतःच उठून येतात, असं शिपायानं सांगितलं. मी खुर्चीत बसलो, तशी ती करकरली. शेजारचा प्रिंटर थांबला.

"काय म्हणतंय?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"सर, गाडीचा नंबर सापडत नाही."

सवयीनं उठून निघालो, तर शेंगदाण्यांची पुडी घेऊन सरच दारात उभे. या वेळी त्यांनी घरचं आधी विचारलं. चुका पडद्यावर तशाच राहिल्या.