चुकलेली सम

दुबईत कथक शिकवते असं सांगितलं की पुण्यातले लोक एक विशिष्ट हसू हसतात. ‘म्हणजे लग्नातल्या संगीतसाठी डान्स बसवून देत असशील,’ असा त्या हसण्याचा अर्थ. माझ्या एका गुरुबहिणीनं तर तोंडावर विचारलं होतं, “तिकडे सम कुणाला कळते गं? जरा इकडेतिकडे झाली तरी खपून जात असेल.” मी तिला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार सोफा भिंतीला टेकतो, कार्पेट गुंडाळलं जातं आणि क्लास भरतो. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन आजोबा भांडायला आले होते. आता क्लासला सुट्टी असली की ‘सगळं ठीक आहे ना?’ म्हणून विचारायला वर येतात. मुली मला ताई म्हणतात, बाकी सगळं इंग्रजीत. मी मराठीत ओरडते, त्या इंग्रजीत सॉरी म्हणतात. पण त्यांचे पाय ऐका म्हणावं एकदा, मग हसा.

त्यातली एक अजमानहून यायची. मूळचं रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब, वडील टाइल्स बसवायची कॉन्ट्रॅक्ट्स घेतात. शारजाच्या ट्रॅफिकमधून ते तिला आणायचे आणि क्लास सुटेपर्यंत खाली गाडीत एसी लावून झोपायचे. इतक्या वर्षांत कधी वर आले नाहीत. पोरगी माझ्या सगळ्या मुलींमध्ये जास्त तयार. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, उगाच डोक्यात हवा जायची.

तिच्या पहिल्या सोलोची तयारी चालू होती तेव्हा वडिलांचा फोन आला. “मॅडम, पुढच्या वर्षी तिची दहावी. येवढा प्रोग्राम करू दे, मग खलास.”

“आणि दहावीनंतर?”

“इन्शाल्ला, बघू.”

इतकी वर्षं इथे काढल्यावर ‘इन्शाल्ला, बघू’ म्हणजे ‘नाही’ हे कळतं. मी फोन ठेवला आणि कणीक अशी तिंबली की नवरा म्हणाला, पोळ्या उद्या कर. पोरगी रविवारी आली ती डोळे सुजवूनच. घुंगरू बांधले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ नाचली. पहिला सोलो हाच शेवटचा ठरणार होता.

इथली मुलं सगळं पटकन शिकतात, फक्त थांबायला शिकत नाहीत. शाळेतून स्विमिंगला, तिथून ट्यूशनला, तिथून माझ्याकडे. ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चल, आटप’, ऐकतच वाढलेली. कथकात तर थांबण्याला फार मोल. तालाचं आवर्तन फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, ती सम. एकच तुकडा तीनदा घेऊन तिथे बरोब्बर उतरायचं, ती तिहाई. आमच्या तिहाईत दोन फेऱ्यांच्या मध्ये एकेक मात्रा नुसतं उभं राहायचं होतं. नाचणं सोपं, ते उभं राहणं कठीण.

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. रेकॉर्डिंगवर नाच करायचा नाही, हा माझा हट्ट. त्यामुळे तबला आणि पेटी साथीला होती. तबल्यावरचे गृहस्थ दुबई मरीनात इन्शुरन्स कंपनीत आहेत. टाय गाडीत काढून कुर्ता चढवतात आणि वाजवायला बसले की माणूसच बदलतो. मी त्यांच्या शेजारी बसून बोल म्हणत होते. तिचे वडील चक्क दुसऱ्या रांगेत होते.

मुलगी सुरेख नाचली. शेवटची तिहाई सुरू झाली. पहिली फेरी झाली, ती थांबली. दुसरी फेरी झाली आणि ती थांबलीच नाही. मधली मात्रा गिळून सरळ तिसऱ्या फेरीत शिरली. ती एक मात्रा आधी पोचणार हे मला दिसत होतं. तबलेवाल्यांनाही दिसलं. तिचा शेवटचा पाय पडला, त्याच क्षणी त्यांनी सणसणीत ‘धा’ वाजवला, पेटीवाल्यांनीही आपली उरलेली मात्रा सोडून दिली. असं सांभाळून घेणारे साथीदार भाग्यानं मिळतात. सम चुकली होती, पण ऐकणाऱ्याला वाटावं, सम इथेच होती. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुटलो, असं मनात म्हणून मी श्वास सोडला.

पण ती नमस्कार करीना. तिनं हात वर करून टाळ्या थांबवल्या, धापा टाकत माझ्यासमोरच्या माइकशी आली आणि मराठीत म्हणाली, “माझी सम चुकली. मी लवकर आले. परत करते.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. माझ्याकडे न बघता तिनं स्वतःच हातानं ताल धरला आणि बोल म्हणून दाखवले, मग जागेवर जाऊन उभी राहिली. तबला सुरू झाला. पहिली फेरी, मग ती थांबली. दुसरी फेरी, मग अशी थांबली की लोकही तिच्याबरोबर श्वास धरून बसले. तिसऱ्या फेरीचा शेवटचा पाय समेवर पडला, तेव्हा टाळी तिच्या पायाबरोबर पडली, मागून नाही. सम म्हणजे काय हे मी इथल्या प्रेक्षकांना कितीदा माइकवरून समजावलंय. ते कळलं त्या दिवशी. मला इतका अभिमान वाटला की तिहाई संपली तरी मी हातानं ताल देतच राहिले. तबलेवाले पुटपुटले, “आपल्याला खोटं पाडलं की हो पोरीनं!” आणि डोळे पुसले.

कार्यक्रमानंतर वडील मेकअप रूमच्या दाराशी आले. तिचा क्लास बंद करू नका म्हणून आठवडाभर पाठ केलेलं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“मॅडम, पहिल्या टायमाला मीच सगळ्यात जोरात टाळ्या मारल्या. मला काय समजतंय त्यातलं? ती गप बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.”

“अब्बा, इट वॉज राँग,” घुंगरू सोडता सोडता ती म्हणाली.

“साइटवर टाइल वाकडी बसली की माझी माणसं वरून फटीत भरायचं ग्राउट फासून मोकळी होतात. मी रोज बोंबलतो, काढा, परत लावा. कोण ऐकत नाय. आणि हिला कोणी सांगितलं पण नाय.” ते तिच्याकडे बघत राहिले. “घरात ग्लास फोडला तर भावाचं नाव सांगते ही.”

“अब्बा!”

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “रविवारी नेहमीच्याच टायमाला आणू ना?”

मी हो म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ! “आणि दहावी?” मी विचारलं.

“दहावी पण देईल,” ते म्हणाले. “चुकली तर परत देईल.”