हळदीचं सोनं

माझ्या चिक्कूपणामुळे एका देशाचा झेंडा बदलला, असं मी आजही म्हणते. नवरा ते हसण्यावारी नेतो, पण त्याने शेजारच्या आजोबांचा त्या दुपारचा आवाज ऐकलेला नाही.

आम्ही परदेशात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. मुलीच्या शाळेत देशोदेशींचा दिवस होता आणि तिच्या वाट्याला घाना आला होता. लाल, पिवळा, हिरवा असे आडवे पट्टे, मध्ये काळा तारा. घरात पिवळं कापड एकच होतं, माझी लग्नातली अष्टपुत्री साडी. तिला कात्री लावायला हात धजेना. "मॉलमध्ये मिळतं लाह," मुलगी तिथल्या ढंगात शेपूट जोडून म्हणाली. मी कसली ऐकतेय. पांढरा उशीचा अभ्रा हळदीच्या पाण्यात उकळला आणि पट्टा तयार झाला.

आमच्याच मजल्यावर घानाचे एक आजोबा लेकीकडे राहत. त्यांनी मुलीला अर्थ सांगितला. लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त, हिरवं म्हणजे रान, काळा तारा आफ्रिकेच्या मुक्तीचा. "आणि हे नुसतं पिवळं नाही. सोनं आहे, आमच्या जमिनीतलं." कार्यक्रम झाल्यावर मुलीने झेंडा त्यांनाच दिला. त्यांनी तो कॉरिडॉरकडच्या खिडकीत लावला. तिथे दुपारभर ऊन यायचं.

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मला आईने लहानपणीच शिकवलं होतं. नेमकं तेच मी विसरले.

काही दिवसांत आजोबा खाली फिरायला येईनासे झाले. जाता-येता दिसायचे ते दाराकडे तोंड करून बसलेले, मांडीवर एक छोटी बॅग. एका दुपारी त्यांनी मला जाळीच्या दाराआडून हाक मारली.

"मॅडम, झेंडा कोणी बदलला?" आवाज अगदी हळू होता. "आता ते न्यायला येतील."

मी खिडकीकडे पाहिलं. मधला पट्टा पांढराफटक पडला होता.

संध्याकाळी त्यांच्या लेकीने सांगितलं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी देशात एकच पक्ष उरला, तेव्हा झेंड्यातलं सोनं काढून तिथे पक्षाचा पांढरा रंग घातला होता. दोनेक वर्षंच. त्याच काळात आजोबांच्या वडिलांना घरातून उचलून नेलं. "हल्ली बाबा सगळं विसरतात," ती म्हणाली. "हे तेवढं विसरत नाहीत." मला स्वतःचाच संताप आला.

झेंडा घरी आणला. तारा उसवला, तर त्याखाली तेवढाच एक पिवळाधमक तारा होता, ऊन न पोचलेला. मी तो बराच वेळ तळहाताने झाकून बसले. मग अष्टपुत्री काढली आणि कापली.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा पाहून आजोबांनी बॅग खाली ठेवली. मला हायसं वाटलं. मग ते उठले, जाळीचं दार सताड उघडलं आणि आपल्या खुर्चीशेजारी एक रिकामी खुर्ची ओढून ठेवली.

"सरकार पडलं, सोनं परत आलं, तेव्हा तुरुंग उघडले होते," लेक माझ्या कानाशी म्हणाली. "गल्लीतले कितीतरी जण घरी आले. बाबांचे वडील आले नाहीत."

"मॅडम, दार लावू नका," आजोबा म्हणाले. "आज सोडतील त्यांना."

आम्ही तो फ्लॅट सोडेपर्यंत ते दार दिवसा कधी बंद दिसलं नाही. अष्टपुत्रीचा रंग पक्का होता.