मखमली डबीतली कवळी

समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं, असं लहानपणी सगळ्यांनाच शिकवतात. कवळीकाका मात्र तोंडात बघून बोलतात. तुम्ही पोटतिडकीने काहीतरी सांगत असता, ते मान हलवत असतात, आणि तुमचं संपलं की म्हणतात, "उजवीकडची वरची दाढ दाखवून घ्या कुणाला तरी." लोक आधी चिडतात. मग दाढ ठणकायला लागली की गाल धरून त्यांच्याच दारात येऊन उभे राहतात.

काका दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेतात, काका कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं राज्य. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खाली मेण वितळवायचा दिवा, आणि सगळ्यावर पांढऱ्या पुडीचा थर. ही पूड काकांच्या केसांत असते, भुवयांत असते, कोटाच्या शिवणीत तर ती कायमची राहायलाच आलेली आहे. "यांना अंगणात नेऊन झटकलं तर एक भिंत लिंपून होईल," असं काकू म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

गावभर दात वाटणाऱ्या या माणसाच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता.

ताई काकांपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा काकांना न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. काका आता साठीला टेकले, तरी तिच्यासाठी ते बाळ्याच. ती राहायची आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिथल्या वाचनालयात दर रविवारी ती मुलांना गोष्टी सांगायची. राक्षस आला की आवाज खोल जायचा, उंदीर आला की चिरका व्हायचा, आणि गोष्टीत गंमत आली की मुलांच्या आधी तीच हसायची. तिचं ते मोकळं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. पण एका आजारपणानंतर सगळे दात काढावे लागले. पुढच्याच रविवारी गोष्ट सांगताना प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजायला लागली, आणि मुलं फिदीफिदी हसली. ताईने पुस्तक मिटलं आणि ती घरी आली. तेव्हापासून ती वाचनालयाच्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हती. हसू आलंच तर तोंडाला रुमाल लावायची.

"कवळी करून देतो" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "या वयात मला कुणाला चावायचंय?" काकांनी हट्ट सोडला नाही. शेवटी तिकडच्या डॉक्टरांकडे नेऊन त्यांनी माप घेववलं, मेणाची कवळी बसवून पाहिली. वाचनालयाच्या बाईंनाही कुणकुण लागली. त्यांनी ताईला पुन्हा बोलावणं धाडलं, आणि ताईने कळवलं, "रविवारपर्यंत दात आले, तर येते."

काकांनी त्या कवळीत जीव ओतला. वरचा एक दात त्यांनी मुद्दाम किंचित तिरका बसवला, कारण ताईचा मूळचा दात तसाच होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हा वाकडा झालाय." काका म्हणाले, "तो जन्मतःच वाकडा आहे," आणि पुढे बोलायला तयार होईनात.

शनिवारी सकाळी ते कवळी साध्या प्लास्टिकच्या डबीत घालून निघाले, तर काकूंनी दारातच अडवलं.

"बहिणीला एवढ्या वर्षांनी काही देताय, आणि ते असं? अहो, भाजी नेताय का?"

त्यांनी कपाटातून आपल्या हाराची लाल मखमली डबी काढली, हार गळ्यात घातला आणि डबी काकांना दिली. ओल्या कापसात गुंडाळलेली कवळी छोट्या पिशवीतून त्या डबीत बसली आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात. काकांना ही कल्पना इतकी आवडली की स्टेशनपर्यंत त्यांनी खिशावरचा हात काढला नाही.

आता तुम्हीच सांगा, छातीशी हात धरून बसलेला, दर थोड्या वेळाने लाल मखमली डबी हळूच बाहेर काढून बघणारा आणि स्वतःशीच हसणारा म्हातारा गाडीत दिसला, तर काय वाटेल? शेजारी बसलेल्या गृहस्थालाही तेच वाटलं. गृहस्थ मोठा सभ्य. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्याने आपली खिडकीची जागा काकांना दिली आणि अदबीने विचारलं, "काका, दागिना वाटतं?"

इथे काकांनी गप्प बसायचं होतं. पण कारागिराला आपल्या कामाचं कौतुक ऐकायची संधी आली की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

"दागिनाच म्हणा," काका म्हणाले. "असा नग तुम्ही जन्मात पाहिला नसेल. महिनाभर खपलोय."

"मग जपून न्या हो," गृहस्थ कळवळून म्हणाला. "दिवस वाईट आहेत."

दोघांच्या छान गप्पा झाल्या. त्याची खालची दाढ किडलीय, हेही काकांनी त्याला सांगून टाकलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, तुमच्या कोटाला मागून काहीतरी पांढरं लागलंय बघा."

दुसऱ्या कुणाला असं म्हटलं असतं, तर तो चपापला असता, सावध झाला असता. काकांच्या कोटाला तीस वर्षं पांढरं लागलेलंच होतं. त्यांनी बिनदिक्कत कोट काढून त्याच्या हातात दिला. गृहस्थाने तो दारापाशी नेऊन असा झटकला, असा झटकला, की समोर लोकर विणत बसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला. परत आणून त्याने तो स्वतःच्या हाताने काकांना घातला आणि पुढच्याच स्टेशनवर "सांभाळून जा हं," असं म्हणून उतरला. "किती संस्कारी माणूस," काका त्या बाईंना म्हणाले. मग सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला.

खिसा चपटा होता.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सगळे खिसे उलटे केले, बाकाखाली वाकून पाहिलं, बाईंना उठवून त्यांच्या लोकरीच्या पिशवीमागेही पाहिलं.

"दागिने गेले का हो?" बाईंनी विचारलं.

"दात गेले," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथे तर सगळं जागच्या जागी होतं. त्या लोकर उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या.

उतरल्यावर काका थेट स्टेशनवरच्या पोलीस चौकीत गेले. हवालदार तत्पर होते. मखमली डबी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पाणीही मागवलं.

"किती नग होते?"

"अठ्ठावीस."

हवालदारांची पेन्सिल थांबली. "अठ्ठावीस? सगळे सोन्याचे?"

"छे हो. अॅक्रिलिकचे. चौदा वरचे, चौदा खालचे."

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. खुलासा झाल्यावर हवालदारांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते उठून बाहेर गेले. बाहेर आणखी दोघातिघांना तीच उबळ आल्याचं ऐकू आलं. ते परत आले तेव्हा डोळे पुसत होते. "तपास करू," ते म्हणाले, "पण कुणाच्या तोंडात सापडले, तर ओळख पटवायला तुम्हाला यावं लागेल." काकांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "डबीचं जाऊ द्या. ताईंना काय सांगणार आहात?"

तेच तर कळत नव्हतं. ताईच्या घरापर्यंतचा रस्ता काकांनी जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला. दार उघडंच होतं. आत टेबलावर ताईने आरसा काढून, पुसून उभा करून ठेवला होता. शेजारी गोष्टींचं जुनं पुस्तक, उद्याच्या गोष्टीवर उघडून पालथं घातलेलं. या एका संध्याकाळची तिने किती वाट पाहिली असेल, आणि आपण ती एका झटकलेल्या कोटापायी घालवली, असं वाटून काकांचे डोळे भरून आले.

"कोट नवा घेतलास का रे?" ताईने विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "बाळ्या, काय हरवून आलास?"

शाळेतून छत्री हरवून आल्यावर सांगायचे, तसं काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली. काकांना वाटलं, आता ही रडणार.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "त्याने ती डबी उघडली असेल."

"उघडलीच असेल."

"घरी नेऊनच उघडली असेल बघ. बायकोला म्हणाला असेल, डोळे मीट, हात पुढे कर..."

काकांनी वर पाहिलं. ताईचे खांदे हलायला लागले होते. "आणि तिने डोळे उघडले असतील," ती कशीबशी म्हणाली, "तर हातात..." पुढचं तिला बोलवेना. ती हसत सुटली. खुर्चीत मागे रेलून, टेबलावर थापा मारत, पूर्वीसारखी. रुमाल मांडीवरच होता, तिला त्याची आठवण झाली नाही. मग काकाही हसले, आणि हसता हसता थोडे रडले.

पण रविवारी सकाळी ताईच्या तोंडावर पुन्हा रुमाल आला. "तू जाऊन सांग बाईंना, मला जमणार नाही म्हणून," ती म्हणाली. काका चपला घालत होते, तोवर तिने बेत बदलला. "नको, तू घोटाळा करशील. मीच येते. दारातून सांगू आणि परत फिरू."

वाचनालयात मुलं सतरंजीवर बसून होती. बाईंनी पुढे होऊन ताईचा हात धरला. ताईने तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाली, "बाळांनो, आज काही मी गोष्ट सांगू शकत नाही. माझे दात चोरीला गेले."

पुढची एक मुलगी म्हणाली, "तोंडातून?"

"तोंडातून नव्हे गं. आगगाडीतून."

"आजी, चोराला दात कशाला हवे होते?"

हे आता दारातून सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. ताई दोन मिनिटांसाठी म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकली. गाडी निघाली ते सांगायला शिट्टी हवी होती, म्हणून तिने रुमाल खाली घेतला आणि नुसत्या हिरड्यांतून अशी लांब शिट्टी काढली की मागची मुलं पुढे सरकली. इस्त्रीचा चोर आला, त्याचा आवाज मऊ झाला. बावळट म्हातारा आला, तेव्हा सगळ्यांनी मागे वळून काकांकडे पाहिलं, आणि काकांनी उभं राहून मान लववली. चोराने घरी डबी उघडली, तेव्हा मुलं हसून आडवी पडली, आणि त्यांच्याही आधी ताई हसली होती. पण ती तिथे थांबली नाही. रात्री चोर झोपल्यावर उशाशी ठेवलेले दात हळूच शिट्ट्या वाजवत बोलायला लागले, असं म्हणून तिने गोष्ट तोडली आणि उठली. मुलांनी तिची वाट अडवली.

काका मागे, लहान मुलांच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. आयुष्यभर त्यांनी बोळक्या तोंडाकडे बघून इथे काय बसवायचं एवढाच विचार केला होता. आज त्यांना काहीच बसवावंसं वाटलं नाही.

परत जाताना मात्र त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "ताई, साचे माझ्याकडे आहेतच. पंधरवड्यात दुसरी आणतो."

"आण की. भाकरी चावायला हवीच आहे मला," ताई म्हणाली. "पण मेल्या, इतकी घाई करू नकोस. ते दात चोराला काय काय बोलतात, ते अजून सांगायचंय, आणि तोंडात दात घालून ते मला जमायचं नाही."