लॅपटॉप हँग होतो म्हणून

माझा मुलगा सैन्यातून पेन्शनीत आला आणि पुण्यात राहिला. तात्पुरता, असं त्यानं सांगितलं. मुलीची शाळा आहे, एका कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली आहे, एक-दोन वर्षं काढतो आणि गावी येतो. त्याच्या वडिलांच्या तेराव्याला तो चार माणसांदेखत बोलला होता की पेन्शनीत आलो की इथंच राहणार, आईला एकटी ठेवणार नाही. मी त्याला बोल म्हटलं नव्हतं. आपणहून बोलला.

त्या शब्दावर मी माझ्या बहिणीला नाही म्हटलं. ती माझ्याहून धाकटी, आटपाडीला दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एका कोपऱ्यात राहते. संक्रांतीला आली तेव्हा जिन्याकडे बघत म्हणाली, "आक्का, वरची खोली मोकळीच हाय की गं."

"मोकळी न्हाई. लेकाची हाय."

"लेक कुठं हाय?"

"येणार हाय."

"तवर मी राहते. तो आला की जाईन."

"आणि मग कुठं जाशील? त्यापरीस नकोच."

ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पुढं एकदा फोनवर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही मी तेच सांगितलं. ती "बरं" म्हणाली. माझी बहीण भांडणारी आहे, तिच्या तोंडून साधं "बरं" मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण मुलाची खोली ती मुलाची, असं माझं गणित होतं.

लॅपटॉप मुलाचाच, जुना. नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडं ठेवून गेला, कारण मोबाईलवर मला समोरच्याचं तोंड धड दिसत नाही. मी चौथी पास आहे. लॅपटॉप लावायला आणि त्यावरून मुलाला फोन जोडायला शिकायला मला तीन दिवस लागले. वायफाय शेजाऱ्यांचं, भिंतीपलीकडून येतं. त्यांना मी लिंबं आणि कढीपत्ता देते. दर रविवारी दुपारी जेवणाच्या आधी आम्ही बोलायचो.

बोलता बोलता मुलगा मध्येच थिजायचा. तोंड उघडं, हात वर, तसाच. पहिल्यांदा मला वाटलं याला झटका आला. मग त्यानंच समजावलं, "आई, लॅपटॉप म्हातारा झालाय. मेमरी कमी पडतीया, म्हणून हँग होतो. असं झालं की लगीच बंद करत जा, न्हाईतर तापून जळंल." मी लगेच बंद करायचे. शंका घ्यायला जागाही नव्हती. लॅपटॉप खरोखरच रेंगाळायचा. तो चालू होईपर्यंत माझा चहा उकळून, पिऊन, कप धुऊन व्हायचा, आणि पडद्यावरचा बाण बोटानं कितीही ढकलला तरी हलायचा नाही.

एवढंच होतं की "गावी कवा येणार" हे विचारलं की हमखास हँग व्हायचा. पावसाचं विचारलं, नातीच्या मार्कांचं विचारलं, तर चालायचा. हे मला आता दिसतं. तेव्हा मी लॅपटॉपला शिव्या दिल्या.

शेवटी मी तो पिशवीत घातला आणि इस्लामपूरला गेले. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "मावशी, हे काय? आत पाचट पेटवलं व्हतं काय?" आत सगळी काळी राख. ऊस तुटून गेला की आमच्याकडं रानात राहिलेला वाळका पाला पेटवतात, त्याची राख उडून घराघरात येते. आमच्या दुधाच्या पातेल्यात येते, तर लॅपटॉपात का येणार नाही. त्यानं ब्रशनं सगळं झाडलं आणि मला आत बघायला लावलं. दोन खाचा होत्या. एकीत बोटाएवढी हिरवी पट्टी, दुसरी रिकामी. "ही पट्टी म्हंजी मेमरी. तुमची एकच हाय, ती बी बारकी. मशीनला एका टायमाला चार कामं हातात धरता येत न्हाईत." त्यानं दुसरी, मोठी पट्टी रिकाम्या खाचेत तिरकी घातली आणि अंगठ्यानं दाबली. टक्क वाजलं. एवढंच काम.

लॅपटॉप लावला तर मी चष्मा पुसेपर्यंत चालू झाला. निघताना त्यानं मला सांगितलं, "आता हँग व्हायचं न्हाई. झालंच, तर बंद करू नका. बाण हलवून बघा. बाण हलला म्हंजी तुमचं मशीन चांगलं, घोटाळा पलीकडं हाय." मी मान डोलावली.

रविवारी मुलाला फोन लावला. चित्र स्वच्छ होतं. त्याच्या मागची भिंत, कॅलेंडर, वरचा पंखा सगळं दिसत होतं. मेमरी वाढवल्याचं मी सांगितलं नाही. म्हटलं, त्यालाच कळू दे. इकडचं तिकडचं झालं आणि मी म्हणाले, "वरच्या खोलीला रंग द्यायचा म्हणतीया. तू कवा येणार ते एकदा नक्की सांग, म्हंजी रंगारी बघते."

तो हँग झाला. तोंड अर्धं उघडं, बोट कानापाशी.

माझा हात सवयीनं झाकणाकडं गेला. मग दुकानदाराचं आठवलं आणि मी बाण हलवला. बाण सरसर फिरला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. वर पाहिलं तर त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. कुकरची शिट्टी झाली. मग सूनबाई पातेलं घेऊन त्याच्या मागून गेली, थांबली आणि म्हणाली, "आवं, आत्याबाईंचं झालं का बोलून? वाढू का?" त्याचे फक्त डोळे हलले. ती जीभ चावून तशीच मागं सरकली.

सैन्यात न हलता उभं राहायला शिकवतात. एवढी वर्षं देशानं शिकवलं ते त्यानं आईवर वापरलं.

मी म्हणाले, "जेवून घे." आणि झाकण लावलं.

संध्याकाळी त्याचा मोबाईलवर फोन आला. "आई, मघाशी हँग झालं बघ."

"माझं न्हाई झालं. मी मेमरी वाढवून आणलीया."

"मग इकडं नेट गेलं असंल."

"पंखा फिरत होता. सूनबाई जेवायला वाढत होती."

"आई, तुला कसं सांगावं कळत नव्हतं गं."

"तोंडानं सांगायचं."

मग सांगितलं. पुण्यात फ्लॅट घेतलाय, दिवाळीला किल्ली मिळणार, गावी राहायला यायचं काही नाही. ठरून वर्ष होऊन गेलं होतं. म्हणजे बहिणीला मी पहिल्यांदा नाही म्हटलं, त्याच्या आधीच ठरलं होतं. शेवटी म्हणाला, "तू बी ये की इकडं."

"कवा येऊ?"

तो गप्प झाला.

"आता हँग झालास व्हय रं?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

फ्लॅट घेतला याचा मला राग नाही. त्याला बायको आहे, पोरगी आहे, त्यानं कुठं राहायचं ते त्यानं ठरवावं. शब्द देताना त्याला चार माणसं लागली आणि मोडताना आईला एक वाक्य सांगवेना, याचा राग आहे. दर रविवारी त्याच्या थिजलेल्या तोंडाकडं बघून माझा जीव खाली-वर होत होता, आणि मी झाकण लावलं की तो उठून जेवायला बसत होता.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन लावला. "वरची खोली मोकळी हाय," म्हणाले.

"आणि लेक?"

"तो येत न्हाई."

"म्हंजी तो न्हाई म्हणून मी."

"व्हय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

"आक्का, मी तुला दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा इचारताना जाऊबाई शेजारी हुभी होती. तिनं सगळं ऐकलं."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माझं. आता मी इचारतीया. राहायला ये."

"बघते," ती म्हणाली.

बघते म्हणजे काय ते मला कळतं, पण तिला दुसऱ्यांदा विचारायला मला अजून तोंड झालेलं नाही. खोलीतली मुलाची ट्रंक मी खाली आणून ठेवली आहे. बहीण अजून आलेली नाही.