कड़ी से कड़ी शिक्षा

मी सातवी-आठवीला हिंदी शिकवते. वीस वर्षं टाउनशिपमधल्या पोरांच्या वह्यांवर लाल गोल काढतेय. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, असंच आमचं सगळं चालत आलंय. सासरे भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागले, तेव्हापासून. दोन्ही भाषा मला सारख्याच येतात, असं मी छातीठोकपणे सांगायची. आता सांगत नाही. त्याला कारण एक कुत्री आणि मी लिहिलेला एक अर्ज.

कुत्री आमच्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, नळाजवळ राहायची. तांबूस रंगाची, डाव्या कानाला कापलेली खाच. निगमची, म्हणजे इथल्या महापालिकेची गाडी तिला एकदा घेऊन गेली आणि ऑपरेशन करून चार-पाच दिवसांनी परत त्याच नळाजवळ सोडून गेली. गाडीवरचा माणूस मला म्हणाला होता, "जहाँ से उठाया, वहीं छोड़ना है मैडम. नियम है." ती कानाची खाच म्हणजे ऑपरेशन झाल्याची खूण. माझा नवरा रोलिंग मिलला आहे. त्याची फर्स्ट शिफ्ट असली की ती त्याच्या सायकलमागे चौकापर्यंत जायची आणि एकटी परत यायची. मी "यू यू" केलं की असेल तिथून येऊन पायाशी बसायची. पोळीचा तुकडा हातातून घ्यायची, पण दात कधी लागला नाही. आम्ही तिला पाळलं नव्हतं. तरी ती आमची होती, यात मला तरी शंका नव्हती.

समोरच्या क्वार्टरमध्ये नवा माणूस राहायला आला, सोबत त्याची म्हातारी आई. एका सकाळी म्हातारी दूध आणायला निघाली. नेमकी तेव्हाच कुत्री मांजरामागे सुसाट धावली, म्हातारी दचकून पडली आणि तिचं मनगट मोडलं. कुत्री चावली नव्हती, अंगावरही गेली नव्हती. हे मी त्याला मुद्दाम सांगायला गेले. ज्याच्या आईचा हात गळ्यात बांधलेला आहे त्याला असलं काही ऐकवायला जाऊ नये, हे आज कळतं. तेव्हा मी चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. त्यानं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी किंकाळी ऐकू आली. मी धावत बाहेर आले. तो त्याच्या फाटकात उभा होता, हातात रिकामं पातेलं, त्यातून अजून वाफ निघत होती. कुत्री कंपाउंडच्या भिंतीला अंग घासत पळत होती आणि तिच्या पाठीवरचे केस गळून कातडी उघडी पडली होती. मी संतापून तशीच घरात वळले.

"मी ठाण्यात चालली," मी नवऱ्याला म्हटलं.

"आत्ताच कावून जातं? थोडी शांत हो, मंग लिही," तो म्हणाला. "तुले राग आला का तुले काही सुचत नाही."

मी चपला घातल्या आणि निघाले. ठाण्यातल्या बाकावर बसून एका दमात दोन पानी अर्ज खरडला. बेवारस जनावरालाही कायद्याचं संरक्षण आहे, त्याला मुद्दाम इजा करणं गुन्हा आहे, हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते ठासून लिहिलं. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे. "अतः निवेदन है कि इन्हें कड़ी से कड़ी शिक्षा दी जाए." ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या मुंशीनं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टीचर हैं?" मी हो म्हटलं. त्यानं आदरानं मान डोलावली. निदान मला तरी ती आदरानं डोलावलेली वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावलं. तासाभरात तो परतही आला. मला वाटलं होतं, तो मान खाली घालून घरात शिरेल. तो माझ्या फाटकाशी थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "समझ गए मैडम. अच्छे से समझ गए." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या जोडलेल्या हातांची मला भीती वाटली.

पुढचे दोन-तीन दिवस मी नीट जेवले नाही. गुरांच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम सकाळ-संध्याकाळ तिच्या पाठीला लावायची. ती थरथरायची, पण जागची हलायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं फाटक दिसायचं. कडी वाजली की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. नळाजवळ कोणी काही खायला टाकलं असलं तर मी ते उचलून वास घेऊन बघायची. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच विसरून जायची.

गुरुवारी शाळेतून आले तर नळाजवळ कुत्री नव्हती. सकाळची पोळी तशीच पडलेली, तिला मुंग्या लागलेल्या. मी सगळ्या स्ट्रीट पालथ्या घातल्या, सुपेल्याच्या बाजारातल्या मटणवाल्यांना विचारलं, पावर हाउसच्या रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन आले. घरी परतताना समोरच्या भिंतीवर एक धुतलेलं पोतं वाळत घातलेलं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं. विणीत तांबूस केस अडकले होते. यानं तिला मारलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी तशीच ठाण्यात गेले.

"मी लिहून दिलं होतं ना? तुम्ही काय कारवाई केली?" मी मराठीतच ओरडले, मग तेच हिंदीत ओरडले. मुंशी जराही चिडला नाही. त्यानं फाइल काढली आणि माझाच अर्ज माझ्यासमोर ठेवला. खाली शेरा होता, समझाइश देकर छोड़ा गया. समझाइश हा आमच्या छत्तीसगडच्या ठाण्यांचा आवडता शब्द. समोर बसवून चार गोष्टी समजावून सांगायच्या आणि घरी पाठवायचं.

"आपने ही लिखा है मैडम, शिक्षा दी जाए," तो म्हणाला. "हमने सोचा टीचर हैं, पढ़ाने-समझाने को कह रही हैं. साहब ने आधा घंटा समझाया उसको."

मी अर्ज वाचला. अक्षर माझंच होतं. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. याच शब्दावर मी दरवर्षी पोरांकडून निबंध लिहून घेते आणि संतापाच्या भरात माझाच हात मराठीत गेला होता. कड़ी से कड़ी शिक्षा. म्हणजे त्याला चांगलं कडक शिकवा. मला इतकी लाज वाटली की माझे कान गरम झाले.

"दंड लिखना था," मुंशी हळूच म्हणाला. सजेला हिंदीत दंड म्हणतात.

मुंशीनं समोरच्या माणसाला बोलावून घेतलं. तो आला आणि काही न लपवता सांगू लागला. "मुझे समझाया गया कि मारना अपराध है, पानी डालना अपराध है. तो नहीं मारा. बोरी में डालकर भिलाई-3 छोड़ आया, रेलवे यार्ड के पास. ज़िंदा छोड़ा है." मुंशीनं डोकं खाजवलं. उचलून दुसरीकडे सोडणंही चालत नाही, हे आधी त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या चुकीच्या शब्दानं तिचा जीव वाचवला होता, आणि त्याच शब्दानं तिला घरापासून तोडलं होतं. मुंशीनं त्याला फर्मावलं, जहाँ से उठाया, वहीं वापस, और मैडम को साथ ले जाओ.

नवरा शिफ्टला होता. मी त्याच माणसाच्या स्कूटरवर मागे बसले. दोघांच्या मध्ये ते पोतं घडी करून ठेवलेलं. एका सिग्नलला तो पुढे बघतच म्हणाला, "माँ रात भर कराहती है." त्याची आई कण्हत होती, आणि मी पोत्याची घडी सारखी करत बसले.

यार्डात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रुळांपलीकडे तिथली चार-पाच कुत्री भुंकत होती आणि त्यांच्यापासून लांब, उभ्या वॅगनखाली, ती अंग चोरून बसली होती. मागचा एक पाय उचललेला, त्याला चावे घेतलेले. मी "यू यू" केलं. तिचे कान उभे राहिले. लंगडत आठ-दहा पावलं आली आणि माझ्यामागे तो दिसला तशी परत वॅगनखाली घुसली. तेवढ्यात रांगेच्या टोकाला इंजिन लागल्याचा धक्का बसला आणि एकामागून एक वॅगन खडखडत आमच्यापर्यंत हादरत आली.

"ऐसे नहीं आएगी. बोरी लगेगी," तो म्हणाला. रुळांखालच्या स्लीपरच्या ढिगाआड तो पोतं उघडून बसला. "आप बुलाइए."

तो काय सांगतोय ते मला नीट कळलं होतं. मी वॅगनच्या चाकाकडे पाहिलं, तिच्या मानेपासून ते वीतभर लांब होतं. दुसरं काही सुचायला वेळ नव्हता. मी ढिगाजवळ उकिडवी बसले, हात पुढे केला आणि रोजच्या आवाजात हाक मारली.

ती आली. पोट जमिनीला घासत, शेपूट हलवत आली आणि नाक माझ्या तळहातात घातलं. तळहात रिकामा होता. ती वर बघत असतानाच त्यानं पोतं टाकलं. मी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड आवळून धरलं. आतून त्या रविवारची किंकाळी आली. मागे ती मालगाडी सुटली होती. घरी येईपर्यंत ते पोतं माझ्या मांडीवर होतं आणि त्याचं तोंड माझ्याच मुठीत होतं.

दुसऱ्या अर्जात मी दंड लिहिलं. जनावरांच्या छळाच्या या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंतच दंड होतो. त्यानं तो भरला. आता आईला दूध आणायला नेताना तो तिचा हात धरून नेतो आणि नळाजवळ आला की लांबूनच टाळी वाजवतो. कुत्री बाजूला होते. तिचा पाय बरा झालाय, पाठीवर मात्र केस आले नाहीत. फर्स्ट शिफ्टला ती सायकलमागे चौकापर्यंत जाते आणि परत येते.

मी "यू यू" केलं की ती उठते, माझ्याकडे बघते आणि थोडी लांब जाऊन बसते. मी पोळी जमिनीवर ठेवते, आत येते, दार लावते. मग ती खाते.

"माह्या हातून खाते," नवरा परवाही म्हणाला, "मंग तुह्याच हातून कावून नाही खात?"

पोत्याचं तोंड मी धरलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.