शून्य टॅक्सचा नवरदेव

"मॅडम, उत्पन्न जरा वाढवून दाखवा की," सोमनाथ म्हणाला.

मी कॉम्प्युटरवरची नजर काढली. बारामतीत मी बरीच वर्षं सीएची प्रॅक्टिस करते आहे. उत्पन्न कमी दाखवा, असं सांगायला लोक येतात. डॉक्टर येतात, डाळिंबवाले येतात, मंगल कार्यालयांचे मालक येतात. काही जण तर तोंडाने काही बोलतच नाहीत. पंख्याकडे बघून नुसता उसासा टाकतात आणि मला समजतं. वाढवून दाखवा म्हणणारा हा पहिलाच.

"किती वाढवायचं?" मी विचारलं. मला खरंच उत्सुकता होती.

"महिन्याला दोन लाख. म्हंजे वर्साचे चोवीस."

त्याच्या शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. सगळं कळंब गाव त्यांना तात्या म्हणतं. ऊस लावतात, कारखान्याचे सभासद आहेत. ते म्हणाले, "मॅडम, त्याचं ऐकू नगा. समदं शेतीत टाका. भानगडच नगं."

म्हणजे एकाच घरातून आलेल्या दोघांना दोन उलट गोष्टी हव्या होत्या, आणि दोन्ही बेकायदा होत्या.

सोमनाथ विनोदी व्हिडिओ करतो. उसाच्या बांधावर मोबाईल उभा करायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळून सासू व्हायचं, पदर घेऊन सून व्हायचं, आणि तात्यांना न विचारता तात्याही व्हायचं. बघणारे पुष्कळ आहेत. इंदापूरपासून अकलूजपर्यंत लोक त्याला हॉटेलात ओळखतात आणि चहाचे पैसे घेत नाहीत. वर्षभरापूर्वी त्याने एक व्हिडिओ टाकला, 'माझी महिन्याची कमाई बघून तात्या बेशुद्ध'. व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं, त्याला थंबनेल म्हणतात. त्या थंबनेलवर तात्या बांधावर आडवे पडलेले आणि त्यांच्याकडे रोखलेला लाल बाण. प्रत्यक्षात ते दुपारचे झोपले होते.

त्या व्हिडिओत सोमनाथने महिन्याला दोन लाख मिळतात असं सांगितलं होतं. तो व्हिडिओ तुफान चालला. आणि ज्या घरात दोन वर्षं एकही स्थळ आलं नव्हतं, तिथे स्थळं यायला लागली.

त्यातलं एक स्थळ सगळ्यांना पसंत पडलं. भवानीनगरचे जगन्नाथराव, कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांची मुलगी ऋतुजा बारामतीत एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची तपासणी करते. बघण्याचा कार्यक्रम झाला, कांदेपोहे झाले. निघताना जगन्नाथराव चपला घालत म्हणाले, "व्हिडिओ छान आहे. आता आयटीआर दाखवा."

आयटीआर म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न. वर्षभरात किती कमावलं आणि त्यावर किती टॅक्स होतो, हे सरकारला स्वतःहून सांगायचं. हल्ली बँकेत कर्ज मागायला गेलं की हे मागतात. मुलगी मागायला गेलं की मागतात, हे मला त्या दिवशी समजलं. सोमनाथने आजवर रिटर्न भरलेलंच नव्हतं.

"आधी खरं किती मिळतं ते सांग," मी म्हटलं.

त्याने मोबाईल काढला. व्हिडिओवाल्यांची कमाई साधारण तीन वाटांनी येते. पहिली वाट जाहिरातींची. आपण व्हिडिओ बघतो, मध्ये जाहिरात लागते, आपण ती वैतागून पुढे ढकलतो, आणि तरीही परदेशातली कंपनी तिच्या पैशांतला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देते. पैसे डॉलरमध्ये निघतात आणि इथे खात्यात रुपये होऊन पडतात. लोकांना वाटतं, लाख लोकांनी बघितलं म्हणजे लाख रुपये. तसं नसतं. बघणारा कुठला आहे, काय विकत घेऊ शकतो, यावर दर ठरतो. कळंबच्या पारावरून बघणाऱ्याला कोणी महागडी गाडी विकायला येत नाही, त्यामुळे दर कमीच.

दुसरी वाट प्रमोशनची. पशुखाद्यवाला, ट्रॅक्टरच्या शोरूमवाला, साडीवाला पैसे देतो आणि आपला माल व्हिडिओत दाखवून घेतो. देताना तो त्यातला थोडा टॅक्स कापून सरकारकडे भरतो. तोच टीडीएस.

तिसरी वाट सोमनाथने सांगितलीच नाही. मीच विचारलं, "इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीस म्हणे. गुलाबी रंगाची."

"घेतली न्हाय मॅडम, शोरूमवाल्यानं दिली. फुकाट."

"त्याबद्दल तू व्हिडिओ केलास?"

"तीन केले."

"मग ती फुकट नाही. तो तुझा पगार आहे, त्याला चाकं आहेत एवढंच."

कामाच्या बदल्यात वस्तू मिळाली आणि ती आपल्याकडेच राहिली, तर तिची किंमत उत्पन्नात धरावी लागते. वस्तू मोठी असेल तर देणाऱ्याने तिच्यावरही टीडीएस भरायचा असतो. शोरूमवाल्याने तो सोमनाथच्या नावावर भरलेलाही होता.

"आन सोफा?" तात्यांनी मध्येच विचारलं.

"कुठला सोफा?"

सोमनाथने वडिलांकडे असं बघितलं की त्याचाही व्हिडिओ चालला असता. इंदापूरच्या एका फर्निचरवाल्याने सोफासेट दिला होता. तो आता निमगाव केतकीला, थोरल्या बहिणीच्या घरी होता.

"सोफा ताईकडं हाय. मग तिच्या नावावर लागंल ना टॅक्स?"

"बसणार ती. धरायचा तुझ्या नावावर."

तात्यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, एक सांगा. व्हिडिओ कुठं काढला? उसात. ऊस नसता तर व्हिडिओ झाला असता का? न्हाय. मग हे शेतीचंच उत्पन्न झालं की."

शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, हे आमच्या भागात बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे गाळे, प्लॉट, जेसीबी, काय वाट्टेल ते शेतीत उगवल्याचं मी ऐकलेलं आहे.

"तात्या," मी म्हटलं, "उसाला लागून जे येतं ते शेतीचं. उसाकडे पाठ करून जे बोललं जातं ते शेतीचं नाही. उद्या कोणी उसात बसून दाढी केली तर न्हाव्याचं उत्पन्न शेतीचं होईल का?"

तात्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "रान त्याचं आसंल तर..." म्हणाले.

मी बेरीज केली. जाहिराती, प्रमोशन, स्कूटर, सोफा धरले. मोबाईल, माइक, इंटरनेट, एडिटिंगचे पैसे वजा केले. उत्पन्न निघालं वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास. आधीच्या वर्षांत तर इतकं कमी होतं की रिटर्न भरायची सक्तीच नव्हती.

"अभिनंदन," मी म्हटलं. "रिटर्न भरायचं आहे, पण या उत्पन्नावर सूट मिळते. टॅक्स शून्य. उलट लोकांनी तुझा जो टीडीएस कापलाय, तो सरकार तुला परत देणार."

हे ऐकून माणसं पेढे आणतात. तात्यांचा चेहरा खुलला. सोमनाथचा मात्र पडला.

"शून्य? मॅडम, शून्य लिवलेला कागद सासऱ्याला दाखवू?"

"जे आहे ते आहे."

"मी जास्त टॅक्स भरायला तयार हाय. सरकारचं काय जातंय त्यात?"

प्रश्न वरवर बरोबर होता. पण रिटर्नखाली आपण लिहून देतो की ही माहिती खरी आहे. खोटं वाढवलेलंही खोटंच. मी त्याला व्यवहाराच्या भाषेत सांगितलं. चोवीस लाख दाखवले तर जीएसटीचं रजिस्ट्रेशन का नाही, असा प्रश्न येईल. ते पैसे बँकेत कुठे आहेत, असा प्रश्न येईल. आणि त्या आकड्यावर टॅक्सच तीन लाखांच्या वर जाईल. "तेवढे आहेत खात्यात?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, गावात कुणी इचारलं पोरगं काय करतं, की तात्या म्हणायचे, शेतीच बघतंय. चार वर्सं व्हिडिओ करतोय मी. त्यो दोन लाखाचा टाकला, तवा पयल्यांदा म्हणाले, व्हिडिओचं काम करतंय."

तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. या वेळी त्यांनी शेतीचं नाव काढलं नाही.

मी खऱ्या आकड्याचं रिटर्न भरलं.

पुढच्या आठवड्यात सोमनाथचा फोन आला. जगन्नाथरावांना कागद दाखवला, पण ते म्हणतात सीएंना भेटायचंय. एका अशिलाच्या कागदांबद्दल मी दुसऱ्याशी बोलत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मी समोर बसतो, तुमी बोला. मग सगळेच आले. जगन्नाथराव, ऋतुजा, सोमनाथ आणि तात्या. माझ्या ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या. इथे साखरपुडा होतोय की काय, असं बाहेर बसलेल्या पार्ट्यांना वाटलं असणार.

जगन्नाथरावांनी चष्मा लावून रिटर्न पुन्हा वाचलं. घडी घातली. मला वाटलं, आता हे स्थळ मोडणार. घसा साफ करून ते म्हणाले, "मॅडम, हे जरा वाढवता येईल का?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही पण?"

"तसं नाही. मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे. पण मी भावकीत सांगून बसलोय."

"काय सांगितलंय?"

"महिना तीन लाख."

सोमनाथने चमकून बघितलं. "मी दोनच म्हणालो होतो, मामा."

"हो, पण भावकीत दोन सांगितले की लोक दीड धरतात. म्हणून मी तीन सांगितले."

त्यावर तात्यांनी मान डोलावली. त्यांना हा हिशेब लगेच पटला.

ऋतुजा तोवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "पप्पा, तो व्हिडिओ बघितला तेव्हाच मला कळलं होतं की हे खरं नाही."

"कशावरून?" सोमनाथने विचारलं. त्याला बहुतेक अभिनयातली चूक सुधारायची होती.

"पेंडीच्या पोत्याची जाहिरात करताना तुम्ही पोत्याभोवती नाचत होता. महिन्याला दोन लाख मिळवणारा माणूस पेंडीसाठी इतका नाचत नाही."

सोमनाथचे कान लाल झाले. तात्या मोठ्याने हसले आणि मग पोराकडे बघून एकदम थांबले.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, हे जे आलंय, ते दरवर्षी येईल का?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "कंपनीने नियम बदलला, लोकांना कंटाळा आला, तर निम्मं होईल. एखादं वर्ष दुप्पटही होईल."

"चालेल. माझा पगार दर महिन्याला येतो. यांचा येईल तेव्हा येईल. पण तो व्हिडिओ काढून टाका. लग्नानंतर लॅबमध्ये सगळ्या बायका मला दोन लाखांचं विचारणार, आणि मी रोज खोटं बोलणार नाही."

इथे सोमनाथची खरी अडचण झाली. त्याच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त पैसे तोच व्हिडिओ देत होता. खोट्या कमाईचा व्हिडिओ हीच त्याची खरी कमाई होती. तो बराच वेळ मोबाईल हातात फिरवत बसला. मग त्याने आमच्या सगळ्यांसमोर तो डिलीट केला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"आता खरं सांगणारा एक टाकतो," तो म्हणाला.

त्याने टाकला. या वेळी विनोद नव्हता, टॉवेल नव्हता. कॅमेऱ्याकडे बघून त्याने सरळ सांगितलं की वर्षाला इतके मिळतात, सोफासुद्धा त्यातच धरलाय, टॅक्स शून्य आलाय, रिफंड मिळणार आहे आणि आधी सांगितलं ते खोटं होतं. मला तो व्हिडिओ आवडला. मी तो माझ्या मिस्टरांनाही दाखवला.

लोकांनी त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

'भाऊ आता टॅक्सवाल्यांना घाबरला' अशी कॉमेंट पहिली पडली. त्याखाली शेकडो लोक हसले. कोणी लिहिलं, पाच लाख सांगतोय म्हणजे पन्नास असणार. गावात तर त्याचा मान आणखी वाढला. दोन लाख कमावणारे आसपास असतील. पण कमाई लपवावी लागणारा कळंबमधला तो पहिलाच. जगन्नाथरावांना भावकीला काही सांगावंच लागलं नाही. भावकीनेच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जावई हुशार दिसतोय, आकडा फोडत नाही.

लग्न झालं. साधंच झालं. लोक म्हणाले, मुद्दाम साधं केलं, नजरेत येऊ नये म्हणून.

या सगळ्याचा मला झालेला त्रास असा. महिन्याभराने निमगाव केतकी आणि आसपासची तीन-चार मुलं माझ्याकडे आली. एक जण बैलांचे व्हिडिओ करतो, एक जण जुने ट्रॅक्टर विकत घेण्याबद्दल सल्ले देतो. दार लावून घेऊन बैलवाला हळूच म्हणाला, "मॅडम, सोमनाथला केलं तसं आमालाबी करून द्या."

"काय केलं?"

"चोवीस लाखाचा शून्य."

मी सांगितलं की त्यासाठी मी काहीच केलेलं नाही, त्याला कमी पैसे मिळाले होते. ते एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसले. मी फी सांगितली, ती ऐकून मात्र त्यांचा विश्वास थोडा डळमळला. एवढं मोठं काम इतक्या स्वस्तात होत नसणार, असं त्यांना वाटलं असावं.

तरी मी त्यांना बसवून जे सांगायचं ते सांगितलं. व्हिडिओच्या पैशांचं खातं वेगळं ठेवा. वस्तू मिळाली की तिची किंमत लिहून ठेवा, मग ती बहिणीकडे जाऊ दे नाहीतर मेव्हण्याकडे. आणि उत्पन्न जेवढं आलं तेवढंच सांगा. खरं सांगितलं म्हणून लोक विश्वास ठेवतील, याची मी हमी देत नाही. पण इन्कम टॅक्स खात्याने विचारलं तर उत्तर शोधत बसावं लागत नाही.

बैलवाल्याने मान डोलावली आणि विचारलं, "बैल पण शेतीतच धरायचा ना, मॅडम?"